सातव्या होलवरचा माणूस

गोल्फच्या मैदानावर गवतकाकांनी सव्वीस वर्षं गवत कापलं, आणि त्यातल्या एकाही दिवशी हातात खेळायची काठी धरली नाही. तरीही नवशिक्या माणसाला पूर्ण अठरा होल, म्हणजे अख्खं मैदान, खेळायला कधी सोडायचं, हे नंतरची काही वर्षं तेच ठरवत होते. ती कामगिरी त्यांच्याकडे आली ती उजवा डोळा गेल्यामुळे.

एका बुधवारी दुपारी ते सातव्या होलच्या कडेला यंत्रावर बसून गवत कापत होते. मागून चौघे खेळत येत होते. त्यांतला एक दातांचा डॉक्टर होता, तीन आठवड्यांपूर्वीच शिकायला लागलेला. सरावाच्या चटईवर तो बॉल लांब मारायचा, म्हणून आपल्याला जमलं असं त्याला वाटत होतं. शिकवणारा म्हणाला होता की अजून महिनाभर थांबा. पण त्या दिवशी चौघांत एक जण कमी पडत होता, आणि क्लबच्या सेक्रेटरीने हसत परवानगी देऊन टाकली. सातव्या होलवर डॉक्टरचा बॉल उजवीकडे वळला. यंत्रावरचा माणूस त्याला दिसत होता. ओरडायला हवं हेही ठाऊक होतं. पण सोबतचे हसतील म्हणून त्याची जीभ उचलली नाही. काका नेमके यंत्र मागे वळवत होते; बॉल थेट त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसला.

डोळा वाचला नाही. डॉक्टर एकदा हॉस्पिटलात भेटून गेला, मग दिसला नाही. दोन महिन्यांनी काका पुन्हा यंत्रावर बसले, पण एका डोळ्याला अंतराचा अंदाज येईना. तिसऱ्याच दिवशी यंत्र वाळूच्या खड्ड्यात आडवं झालं. मग कमिटीने त्यांना पहिल्या होलपाशी एक खुर्ची दिली आणि नवशिक्यांवर नजर ठेवायला सांगितलं. वरवरचंच काम होतं ते. काकांनी मात्र ते फार मनावर घेतलं.

दहातले सात बॉल हवेत आणि साधारण समोर गेले पाहिजेत, हे पहिलं. मग मागच्या बाजूच्या नऊ छोट्या होलांवर त्या माणसाला खेळवायचं आणि आपण मागून चालायचं. तो किती लांब मारतो ते काका बघतच नसत. मारण्याआधी समोर आणि दोन्ही बाजूंना बघतो का, कोणी असेल तर थांबतो का, बॉल भरकटला तर लाज न बाळगता ओरडतो का, आठ फटक्यांत बॉल भोकात गेला नाही तर मुकाट्याने बॉल उचलून पुढे चालायला लागतो का, एवढंच त्यांना बघायचं असे. यात पास झाला की पूर्ण मैदान मोकळं. लोक कुरकुरायचे. दोनशे माणसं हाताखाली असलेला एक साहेब एकदा फार तापला, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "ती दोनशे तुम्ही छान सांभाळत असाल. इथं एक बॉल सांभाळायचाय."

दीड वर्षाने डॉक्टर परत आला. वाळला होता. काकांसमोर उभा राहून म्हणाला की मला नीट शिकायचंय, तुम्ही म्हणाल तेव्हाच खेळेन. काकांनी चटईकडे बोट दाखवलं. दहातले नऊ बॉल सरळ गेले. छोट्या होलांवर तो प्रत्येक फटक्याआधी चारही दिशांना बघत होता. शेवटी काका म्हणाले, "अजून नाही."

पुढच्या बुधवारी तेच. त्याच्या पुढच्याही. पाचव्यांदा नकार दिला त्या संध्याकाळी त्यांनी घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तो चुकतोय कुठं, ते तरी सांगा त्याला."

काकांनी घड्या घातलेले कपडे उचलून कपाटात ठेवले.

सहाव्या बुधवारी त्यांनी त्याला पूर्ण मैदानावर सोडलं, आणि स्वतः बरोबर निघाले. सहा होल डॉक्टर बरा खेळला. सातव्यावर पोचले तेव्हा नवा गवतवाला पार दूर, बॉल कधीच पोचणार नाही इतक्या लांब काम करत होता. डॉक्टरने काठी धरली, खाली ठेवली, आणि ओरडला. "बॉल!" मग पुन्हा. मग आणखी मोठ्याने. त्या माणसाने मानसुद्धा वळवली नाही.

"त्याला नाही ऐकू येणार," काका म्हणाले. "यंत्राचा आवाज फार असतो. कानांवर टोपणं असतात. माझ्याही होती त्या दिवशी."

डॉक्टर त्यांच्याकडे वळला.

"म्हणजे मी ओरडलो असतो तरी..."

"तरी मला कळलं नसतं."

"पण मी ओरडलो नव्हतो, काका," तो म्हणाला. त्याने बॉल उचलून खिशात घातला. उरलेले बारा होल तो न खेळता नुसता चालला, काका मागून. फाटकापाशी त्याने हात जोडले. त्यानंतर तो मैदानावर आला नाही. दवाखानाही त्याने विकला असं पुढे कोणीतरी सांगितलं. कुठे गेला, कोणाला माहीत नव्हतं.

काकांचा डावा डोळाही पुढच्या वर्षी अधू होऊ लागला. खुर्ची सुटली. आता तिथं नियमांची पाटी आहे, आणि तीन धडे झाले की सेक्रेटरी सही करतो.

घरी बसल्या बसल्या एकदा बायकोने विचारलं, "टोपणांचं त्याला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? हॉस्पिटलात भेटायला आला होता तेव्हाच?"

"माझा डोळा गेला होता," ते म्हणाले. "त्याचंही काहीतरी जावं असं वाटलं."

तिने उठून दिवा लावला आणि त्यांच्या डोळ्यात औषध घालायला त्यांची मान मागे धरली.