टपावरचं गाजर गवत

"मुळासकट काढ बे, वरवर ओरबाडून काय उपेग?" असं एखाद्या प्रवाशाला बजावत आमचे कंडक्टर बसमधून उडी टाकायचे. इंजिनात पाणी घालायला मी गाडी थांबवली की तिकिटांची चामडी पिशवी पाठीकडे ढकलून ते रस्त्याकडेचं गाजर गवत उपटायला लागत. थांबा आला की चहाला पळणारे कंडक्टर तुम्ही पाहिले असतील. हे गवताकडे पळायचे. मी त्यांचा ड्रायव्हर, बुलढाणा–धाड गाडीवरचा, वयाने लहान आणि वेळेचा मोठा पक्का. माझा नुसता चडफडाट व्हायचा.

हे गवत आमच्याकडे तेव्हा नुकतंच आलं होतं. धाडच्या अलीकडचं अख्खं गायरान त्यानं व्यापलं, जुनं मारवेल गवत दबून गेलं आणि त्या मारवेलात राहणारा तणमोर पक्षी दिसेनासा झाला. लहानपणी तिथं गुरं चारताना कंडक्टरांनी तो पाहिला होता. पावसाळ्यात नर गवतातून माणसाएवढा उंच उडतो, पुन्हा गवतात बुडतो, पुन्हा उडतो. हे सांगताना ते चालत्या गाडीत दांडा धरून स्वतःच उडी मारून दाखवत.

"रिटायर व्हायच्या आंधी एकडाव पाह्यचा हाय मले," एवढंच त्यांचं मागणं होतं.

रोजच्या प्रवाशांतून त्यांनी फौज जमवली. बाजारात बांगड्या विकणाऱ्या खाला, दोन शिक्षक आणि एक पैलवान. आमच्या सुट्टीच्या दिवशी सगळे हातांत पायमोजे चढवून गायरानात वाकलेले असत, कारण या गवतानं अंगाला खाज सुटते. सगळ्यात जास्त पैलवान खाजवायचा.

पहिल्या वर्षी आम्ही उपटलं ते पांढऱ्या फुलावर आलेलं गवत. मग दुसऱ्या दिवशी ढीग आमच्याच गाडीच्या टपावर चढवून बुलढाण्याबाहेरच्या खड्ड्यात टाकायचा. ही अक्कल माझी. पुढच्या पावसात गायरानापासून त्या खड्ड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाजर गवत डोलत होतं. टपावरून बी सांडत गेलं होतं. कंडक्टर दारात उभे राहून बघत होते. मी शिव्या खायची तयारी ठेवली.

"आपल्याच गाडीनं पेरलं हे," ते म्हणाले, आणि इतके हसले की पुढच्या थांब्याची तिकिटं द्यायची राहिली.

त्यानंतर फूल यायच्या आत, ओल्या जमिनीतून उपटायचं आणि तिथंच पुरायचं ठरलं. रस्त्याकडेच्या गवतासाठी रोज पाच मिनिटं सगळी गाडी खाली उतरायची. मीही उतरू लागलो. अपराध माझाच होता ना!

तीन पावसाळे गेले, गायरानात मारवेल परतलं. पण गाडी रोज उशिरा पोचते अशी तक्रार गेली आणि त्यांची मलकापूरला बदली झाली. तणमोर दिसलाच नव्हता. निरोपाला खाला रडल्या, मीही रडलो.

पुढच्याच पावसाळ्यात एका सकाळी गायरानात काळंपांढरं काहीतरी उंच उडालं आणि बुडालं. मी करकचून ब्रेक दाबला. सगळी गाडी एका बाजूच्या खिडक्यांना चिकटली. त्याच दिवशी मी मलकापूरला कार्ड टाकलं: दादा, उडाला.

चौथ्या दिवशी ते आले, रीतसर तिकीट काढून. गायरानापाशी मी गाडी उभी केली, पण पाच मिनिटांत पक्षी काही उडाला नाही. ते एकटेच उतरले आणि मला म्हणाले, "तू जाय, टाइम झाला." टाइमची आठवण त्यांना जन्मात पहिल्यांदाच झाली होती.

संध्याकाळी परतताना ते रस्त्याकडेला उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल. दिसला का, मी विचारलं. त्यांनी चार बोटं वर केली: चारदा उडाला. दुसऱ्या हातात गाजर गवताचं एक रोपटं होतं, मुळासकट.

गाडीत चढून, नवा कंडक्टर बघत असताना, त्यांनी सवयीनं घंटीची दोरी दोनदा ओढली. पुढे आमची भेट झाली नाही. त्यांच्या घंटीवर मी गाडी हलवली ती तेवढी शेवटची.