खुशालरावाचे बाजे

माझा थोरला भाऊ खुशालराव यानं तीस वर्षांत अकरा बाजे विकत घेतले आणि एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही. हे मी रागानं लिहीत नाही. राग होता तेव्हा लिहायला बसलो असतो तर कागद फाटला असता. आता उरली आहे ती नुसती किळस, आणि तिच्यातली थोडी माझ्याही वाट्याची आहे.

आम्ही बार्शीटाकळीचे माळी. विहिरीवरचा मळा, त्यात वांगी, मिरच्या, बांधाच्या कडेनं झेंडू. अकोल्याच्या बाजारात भाजीचं दुकान. बाप गेल्यावर मळा माझ्याकडे आला आणि दुकान दादाकडे, कारण दादा इंग्रजी चार यत्ता शिकला होता. अकोल्यात गेल्यावर महिनाभरात त्यानं कोट शिवला आणि कोणी विचारलं तर ‘आमची बागाईत आहे’ असं सांगू लागला. वांगं हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही. पण पहिला फोनोग्राफ आला तो वांग्यांवरच आला.

ते साल एकोणीसशे अकरा. मुंबईहून गवतात गुंडाळलेली पेटी अकोला स्टेशनात उतरली. तबकड्यांचा ग्रामोफोन शहरात एकदोघांकडे होता, म्हणून दादानं मुद्दाम दुसरं यंत्र मागवलं. त्यात तबकडी नसायची, मेणाची पोकळ नळी बसायची, हाताच्या पंजाएवढी. चावी दिली की नळी फिरायची आणि पितळी कर्ण्यातून आवाज यायचा. त्याची मोठी करामत अशी की कोरी नळी लावून कर्ण्यासमोर गायलं, तर गाणं त्या मेणात उमटायचं. नको झालं तर मेण तासायचं, नळी पुन्हा कोरी.

पेटी घेऊन दादा बार्शीटाकळीला आला. ओट्यावर यंत्र मांडलं, गाव गोळा केलं. पुढं आयुष्यभर तो अमरावतीच्या मित्रांना हसत सांगायचा, ‘आमच्या गावचे लोक विचारत होते, आत माणूस बसला हाय काय!’ साफ खोटं. आमच्या लोकांनी सरकी काढायचं जिन पाहिलं होतं, आगगाडी पाहिली होती. कोणी काही विचारलं नाही. आमची माय, पार्बताबाई, तेवढी म्हणाली, “खुशाल, हे बंद करता येते काय?”

बंद करणं हाच तर त्याचा खरा धंदा होता. अमरावतीला अंबापेठेत वामनराव नावाचे एक वकील राहत. त्यांना असाच शौक. आणखी दोघे होते. महिन्यातल्या एका रविवारी हे चौघे कधी वकिलांकडे, कधी दादाकडे जमायचे. मी भाजीची रेंगी घेऊन अकोल्याला जायचो, बैल सोडून घटकाभर दादाच्या दाराशी बसायचो, म्हणून हा तमाशा मी पुष्कळदा पाहिला आहे. चावी द्यायची, सुई टेकवायची. तबकडीतली गाणारी बाई ‘आ’ करते न करते तोच एकानं हात वर करायचा. सुई उचलायची. आता बांबूची सुई लावू. पुन्हा बाईचा ‘आ’. आता जाड सुई. पुन्हा ‘आ’. एकदा दादानं शेताच्या कुंपणावरून बाभळीचे काटे मागवले, ते तासून त्यांच्या सुया केल्या आणि दुपारभर त्या चौघांनी बाभळीच्या काट्यावर त्या बिचाऱ्या बाईला चाळीस वेळा ‘आ’ करायला लावलं. ती काय गाते, कोणाला म्हणते, रुसली आहे की रडते आहे, याची चौकशी चौघांतल्या एकानंही केली नाही.

चौकशी दाराआड होती. माझी वहिनी जमुना तेल्हाऱ्याची. तिचा बाप शालिकराम खंजिरीवर भजनं म्हणायचा आणि पंचक्रोशीत त्याला बोलावणं असायचं. गाण्यात वाढलेली बाई. ती चहाची भांडी घेऊन दाराआड उभी राहायची आणि सुई उचलली की तिचा चेहरा ताटावरून उठवलेल्या माणसासारखा व्हायचा. एकदा तिनं मला विचारलं, “भाऊजी, त्या बाईच्या गान्यात पुढं काय होते?”

“मले काय ठाऊक, वहिनी? दादाले विचारा.”

“त्याईले थोडंच ठाऊक हाय,” ती म्हणाली.

फोनोग्राफ येऊन वर्ष झालं तेव्हा शालिकरामबुवा लेकीला भेटायला अकोल्याला आले. दादानं त्यांना धरून कर्ण्यासमोर बसवलं. म्हातारा लाजला. गाणं म्हणजे समोर माणसं, आणि इथं पितळेच्या भोकात तोंड घालायचं. खंजिरी दादानं हातातून काढून घेतली, तिच्यानं मेण बिघडते म्हणून. बुवा बिनखंजिरीचं एक भजन गायले. अर्ध्यात श्वास कमी पडला, तरी ओढून नेलं. संपल्यावर खोकले आणि बाजूला वळून म्हणाले, “जमे, पानी आन वं थोडं.” नळी फिरतच होती. तेही उमटलं.

दादानं कपाळावर हात मारला. “घान केली बुड्ढ्यानं. चांगली नळी होती.”

पण नळी राहिली. पुढं दादाचा जीव तबकड्यांच्या यंत्रांवर गेला आणि फोनोग्राफ माजघरातल्या कोनाड्यात पडला. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तेल्हाऱ्याच्या वाटेवरची गावं ओस पडली, त्यात शालिकरामबुवा गेले. वहिनी वेळेवर पोचू शकली नाही. त्यानंतर ती दरवर्षी पितृपंधरवड्यात, बापाच्या तिथीला, पान वाढून झालं की फोनोग्राफ काढायची आणि ती नळी वाजवायची. एकदाच. वाजवलं की मेण झिजते, हे तिला दादाच्या मित्रांपेक्षा चांगलं कळत होतं. त्या नळीच्या डबीला तिनं हळदीचा दोरा बांधला होता. एका वर्षी मी तिथं होतो. खरखर, मग लांबून आल्यासारखं भजन, खोकला आणि ते पाणी मागणं. गाणं संपल्यावर वहिनीनं खरोखर तांब्या भरून पानापाशी ठेवला.

पंचवीस साल. वामनराव वकिलांच्या डोक्यात निघालं की आपापला आवाज भरून पाहायचा. तबकडीच्या यंत्रात ते होत नव्हतं, म्हणून दादाच्या जुन्या फोनोग्राफाची आठवण झाली. पण कोऱ्या नळ्या आता कुठंच मिळेनात. आषाढात मी भाजी घेऊन गेलो तर दादा खाली बसून एकेक नळी यंत्रावर चढवून तासत होता. पात्याखालून मेणाचे भुरे, बारीक केस निघत होते. वहिनी शेजारी गेलेली होती. डब्यांच्या ढिगात मला हळदीचा दोरा दिसला.

“दादा, यातली एक वहिनीची हाय.”

“व्हय, व्हय,” तो वर न पाहता म्हणाला.

मी पुन्हा बोललो नाही. खरं सांगतो, त्या केसांची गंमत वाटत होती. मी बसून पाहत राहिलो. वर ते मेण कागदात गोळा करून मीच बाहेर टाकून आलो.

भाद्रपदात तिथीला मी वांगी आणि भोपळा घेऊन गेलो होतो. वहिनीनं पान वाढलं, फोनोग्राफ काढला, नळी चढवली, हात जोडून बसली. कर्ण्यातून माझ्या भावाचा आवाज आला. “अकोला. अकोला. एक. दोन. तीन. साफ हाय काय? चार. पाच.”

ती पुढचं ऐकत राहिली. मला वाटतं, शेवटी तरी बाप पाणी मागेल म्हणून. नळी संपली. दादा जेवायला आत आला तेव्हा तिनं नुसतं त्या यंत्राकडे बोट केलं.

“काहून तासलं?”

“अवं, थे खराबच झाली होती,” दादा पाट सरकवत म्हणाला. “सारी खरखर. अन् तुह्या बापाचा आवाज मुळात पातळ, मेनात बसतच नव्हता. वाढ.”

तिनं वाढलं. तो जेवला. दोनदा वरण मागितलं. मीही जेवलो.

कार्तिकात वकील नवं यंत्र घेऊन आले. कपाटासारखी पेटी, कर्णा आत लपवलेला. मुंबईतही अजून फार जणांकडे नाही, असं ते तीनदा म्हणाले. चौघे गादीवर बसले, मी उंबऱ्याशी. जुनी एक तबकडी लावली. बाईनं ‘आ’ केला, दादाचा हात सुईकडे गेला.

दार उघडून वहिनी बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात चहाचं ताट. परक्या पुरुषांसमोर ती कधी आली नव्हती. ताट खाली ठेवून ती यंत्रापाशी उभी राहिली.

“सुई उचलू नका.”

दादा हसला. “अवं, तू आत जाय. हे समजायचं काम नाई तुह्यं.”

“हात लावू नका. गानं पुरं होऊ द्या.”

तिचा आवाज चढला नव्हता. पण दादाचा हात मागं आला. मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. चौदा वर्षं गाण्याचा शौक सांगणाऱ्या चार माणसांना तीन मिनिटांचं गाणं बसून ऐकवेना. वकिलांनी घड्याळ काढलं. एकानं पाय बदलला, दुसरा गादीचा दोरा उसवू लागला. दादा सारखा पेटीकडे पाहत होता, गाणाऱ्या बाईकडे त्याचं लक्षच नव्हतं. आणि ती गात होती. तिचा माणूस परगावी गेला होता आणि ती कावळ्याला विचारत होती, तो कोणत्या वाटेनं येईल. हे मला त्या दिवशी कळलं. गाणं संपलं, आणि संपल्यावर त्या बाईनं मोठ्यानं स्वतःचं नाव सांगितलं. जुन्या तबकड्यांत तशी रीतच होती.

“अरेच्चा!” वकील म्हणाले. “ही नाव सांगते की काय?”

तबकडी त्यांचीच होती. बारा वर्षं घरात होती.

वहिनी म्हणाली, “माह्या बापानं नाव नव्हतं सांगतलं. पानी मागतलं होतं.” मग ताटातले कप एकेकासमोर ठेवून ती आत गेली.

“बायकांच्या गोष्टी,” दादा पाहुण्यांना म्हणाला, आणि सुई बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल जुपत होतो, तर वहिनी बोचकं घेऊन रेंगीजवळ उभी. “भाऊजी, मी येऊन राहिली.” मी दादाच्या दाराकडे पाहिलं. ती म्हणाली, “त्याईले सांगतलं. त्याईनं आयकलं का नाई, मले ठाऊक नाई.”

गावात लोक बोलले. आमच्या मायनं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, “मधल्या खोलीत ऊन येते, तिथी राह्य.” एवढ्यावर तो विषय संपला. वहिनी मळ्यावर येऊ लागली आणि दोन वर्षांत मिरचीचं सगळं तिच्या हातात गेलं, कारण तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दादा तिला न्यायला येईल असं मला वाटलं होतं. पौषात तो खरंच आला. गाडीनं आला, स्टेशनावरून चालत आला, कोटावर धूळ. मायच्या पाया पडला. वहिनी चुलीपुढं होती. तो उंबऱ्यात उभा राहिला, घसा खाकरला, आणि मला वाटलं, की आता हा माणूस माणसासारखं काही बोलतो.

“जमुना,” तो म्हणाला, “थो उंटाच्या केसाचा बारीक ब्रश कुठी ठेवला वं? तबकड्या पुसाचा. आठ दिवस झाले, सापडून नाई राहिला.”

वहिनीनं भाकर उलटवली. “फडताळात. वरच्या फळीवर, डाव्या हाताले. निळ्या डब्यामागं.”

“हां,” तो म्हणाला. भाकर खाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. मायनं त्याचं रिकामं ताट उचललं. “मीच जनला हा,” एवढंच बोलली.

त्यानंतर तो पंधरा वर्षं जगला. शौक वाढतच गेला. अडतीस साली त्यानं रेडिओ घेतला, घराच्या छपरापासून कडुनिंबापर्यंत तार ओढली आणि मला मुद्दाम बोलावून घेतलं. काच उजळली. “ही मुंबई,” तो म्हणाला. कोणी तरी सुरेख सारंगी वाजवत होतं. मी ऐकायला पुढं झुकलो तोच त्यानं खुंटी फिरवली. “ही दिल्ली.” दिल्लीत एक माणूस काही सांगत होता. खुंटी फिरली. “ही पाय, पुन्हा मुंबई.” मी उठलो. तो खुंटी फिरवतच होता, मी गेलेला त्याला कळलंही नसावं.

एकेचाळीसच्या आषाढात तो दोन दिवसांच्या तापानं गेला. त्याला मीच अग्नी दिला. वहिनी अकोल्याला आली, तेरा दिवस राहिली, जे जे करायचं ते सगळं केलं, कमी काही ठेवलं नाही. यंत्रं नेण्यासाठी वामनराव वकील आले, तेव्हा तिनं त्यांना किल्ल्या दिल्या आणि कोणत्या पेटीचं बिजागर ढिलं आहे तेही सांगितलं.

चौदाव्या दिवशी आम्ही रेंगीतून परत निघालो. वाटेत ती आता काही बोलेल, दादाबद्दल, बरं नाही तर वाईट, असं धरून मी बैल हळू चालवत होतो. त्या तासलेल्या मेणाचं मलाही एकदा सांगून टाकायचं होतं. सोळा वर्षं ते मनात होतं.

“वहिनी,” मी म्हटलं, “त्या दिवशी मी...”

“भाऊजी, बैल जरा हाका,” ती म्हणाली. “मिरचीचं रोप वाफ्यात वाढून राहिलं. आज लावलं नाई तर वाया जाईन.”

मी बैल हाकले.