रिपोर्ट येईपर्यंत

प्रयोगशाळेतल्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, विचारणारही नाही. त्याच्या रिपोर्टशिवाय जळगावचे मेडिकलवाले माझं एकदांडीच्या पाल्याचं मलम घेत नाहीत. काहीही विचारा, आधी तो चष्मा कोटाला पुसतो, मग हातातल्या बाटलीशीच बोलल्यासारखं म्हणतो, "जखम भरते, भाऊ. चांगल्या कातडीला काय होतं, ते बघतोय."

"बठ्ठा पाचोरा, सगळं गाव हाई मलम लावस! कोनी मरनं का?" मी ओरडलो. त्यानं पुन्हा चष्मा पुसला.

परवा माझ्यासमोरच गरम भांड्यानं त्याचा हात भाजला. आता सापडला, म्हणून मी डबी उघडून पुढे केली. त्यानं हात नळाखाली धरला. डोळ्यांत पाणी होतं, तरी म्हणाला, "रिपोर्ट येऊ द्या."

एवढा अपमान बाजारात कुणी केला नव्हता. धुमसतच घरी आलो, तर नात गुडघा फोडून रडत बसलेली. मी डबी उघडली, बोटावर मलम घेतलं आणि तिथंच थांबलो.

"लाव ना, आबा."

मी तिला नळाखाली नेलं आणि त्या माणसाला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या.