देवाच्या चिठ्ठ्या बंद करणारे मास्तर

शमुवेल मास्तर गेल्याची बातमी मला तेलंगणातल्या आमच्या इचोड्याच्या बाजारात कळली. मी वांगी निवडत होतो. भाजीवाली म्हणाली, "गुरुजी, तुमचे दोस्त गेले ना सकाळी. तुमाले माईत नाई?" मला माहीत नव्हतं. हातातली वांगी ठेवली आणि निघालो... त्याला आता पाच आठवडे झाले.

आम्ही दोघांनी एकाच मराठी शाळेत नोकरी काढली. ते गणित शिकवत, मी भाषा. ते ख्रिस्ती, चर्चच्या मंडळीचे पंच. मी बौद्ध घरातला आणि देवाच्या बाबतीत एकूणच हात आखडता. त्यांनी मला कधी प्रभूकडे ओढलं नाही आणि मीही त्यांना कधी सोडवायला गेलो नाही. त्यामुळे मैत्री टिकली. मात्र त्यांच्या चिठ्ठ्यांची मी मनसोक्त टिंगल केली, हे कबूल करायला हवं.

चिठ्ठ्यांचं असं झालं. त्यांच्या छोट्या मंडळीत निम्मी माणसं तेलुगू, निम्मी मराठी. रविवारी पहिलं गीत कोणत्या भाषेत म्हणायचं, यावरून प्रभूच्या घरात गचांड्या धरण्यापर्यंत वेळ येई. मास्तरांनी तोड काढली. प्रभुभोजनाच्या, म्हणजे द्राक्षरसाच्या प्याल्यात त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहून टाकायच्या, मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने डोळे मिटून एक उचलायची. भांडण मिटलं. पण लोकांना त्या प्याल्याची चटक लागली. म्हैस घ्यावी का, पोरगी बेल्लमपल्लीच्या खाणीतल्या मुलाला द्यावी का, घराचं दार कुठे करावं... सगळं प्याल्यात. मी म्हणायचो, "मास्तर, परीक्षेचे पेपरही असेच तपासा. वेळ वाचेल." ते हसत, पण कानाच्या पाळ्या लाल होत.

मग शांताची वेळ आली. एलिया सुताराची ही बायको, सहावा महिना लागलेला. पोटात उजवीकडे कळ, अंगात ताप. गावातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आदिलाबादला न्या, ऑपरेशन लागेल. पोटातल्या बाळाला धोका आहे, पण थांबलात तर दोघांनाही आहे. एलिया घाबरला आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं, निर्णय दुसऱ्यावर टाकला. त्या रविवारी शहरातून एक अय्यगारू, म्हणजे पाद्रीबुवा, आले होते. पांढरा सफारी, गळ्यात दोन हार, आणि हार काढायची अजिबात घाई नाही. त्यांच्या देखत प्याल्यातून चिठ्ठी निघाली. 'थांबा.'

मंगळवारी सकाळी मास्तर माझ्या दारात उभे. दाढी केलेली नव्हती. "गुरुजी, ताप उतरून नाई राह्यला. मी हे काय सुरू करून ठेवलं हो?" मला टोमणा सुचला नाही. आम्ही जीप ठरवली आणि थेट एलियाच्या घरी गेलो.

घर माणसांनी भरलेलं. ओसरीत गीत चाललेलं, मधोमध खुर्चीवर अय्यगारू. आतल्या खोलीतून शांताचं कण्हणं गीताच्या वर येत होतं. एलिया दारात आडवा आला. त्याने खिशातून ती चिठ्ठी काढून मास्तरांच्या डोळ्यांपुढे धरली.

"मास्तर, हे तुमचंच अक्षर हाय ना? मग आता काऊन बदलून राह्यले?"

"माझं अक्षर हाय म्हणूनच आलो," मास्तर म्हणाले. "देवाचं नाई ते, एलिया. माझं हाय."

अय्यगारूंनी खुर्चीतूनच विचारलं, देवापुढे ठरलेलं मोडायचं का? मास्तरांनी आवाज चढवला. या माणसाला मी वर्गाबाहेर कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. "जुना करार दगडावर होता, साहेब. नवा मनावर लिहीन म्हणाला ना देव? पण मनावरचं वाचाले डोकं लागते, चार जाणत्याइले विचारा लागते, मंग रातभर झोप येत नाई. आमाले ते नको. आमाले नुसतं उत्तर पाहिजे, रीत नको. शाळेत अशा पोराले मी भोपळा देतो."

आणि एलियाच्या हाताखालून वाकून ते आत गेले. शांताच्या खाटेजवळ उकिडवे बसले.

"पोरी, तुले काय वाटते?"

ओसरीतलं गीत थांबलं.

"मले जायचं हाय," शांता म्हणाली. "आयतवारपासून जायचं हाय, बाबा. कोनी विचारलंच नाई."

शांता वाचली. बाळ वाचलं नाही.

एलिया त्यानंतर अकरा वर्षं, मास्तर जाईपर्यंत, त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. चिठ्ठी मोडली म्हणून बाळ गेलं, हे त्याने स्वतःला सांगून टाकलं होतं. निम्मी मंडळी त्याच्याबरोबर वेगळी झाली. मास्तरांनी प्याला घासूनपुसून पुन्हा प्रभुभोजनापुरता ठेवला. एकदा मी धीर द्यायला म्हणालो, तुमचा निर्णय बरोबरच होता. ते चिडले. "पेढा देऊ नका, गुरुजी. आयतवारीच निघालो असतो तर ते लेकरू राह्यलं असतं का, हा सवाल हाय. आन् तो माझा हाय." पुढे हा विषय मी काढला नाही. काढून मी काय सांगणार होतो?

त्या दिवशी बाजारातून पोचलो तर मास्तरांच्या अंगणात मांडव उभा राहत होता आणि एका खांबावर भोंगा चढला होता. तेच अय्यगारू, आता मोठ्या गाडीतून आलेले. हैदराबादेहून कुणी बडे पाहुणे यायचे होते, म्हणून माती परवावर ढकलायचं जवळजवळ ठरलं होतं. बर्फाच्या लाद्या सांगितल्या होत्या. भाषणांचा क्रम, हारांचा क्रम, सगळ्यावर चर्चा. जवळपास तासभर पुरुष बोलत होते. वेगळी झालेली मंडळीही आली होती. एलिया कुंपणाशी उभा होता, आत न येता.

शांता मात्र आत गेली. मास्तरांच्या बायकोजवळ, मार्थाकाकूंजवळ, जमिनीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, तुमाले काय वाटते?"

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "आजच. ऊन उतरल्यावर. आन् तो भोंगा नको, माय. त्याइले आवडत नव्हता."

मग एलिया कुंपण ओलांडून आत आला. मास्तरांकडे त्याने पाहिलं नाही. मांडवाच्या खांबावर चढला, भोंगा सोडवून उतरवला, आणि खाली बसून त्याची वायर हातावर गुंडाळू लागला.