डावीकडचा दिवा

माझा मामा कवळ्या बनवायचा. अर्ध्या शहराचं हसू आपल्या हातचं आहे, अशी फुशारकी मारायचा आणि स्वतः हसायच्या बाबतीत पक्का चिक्कू. काम सुटल्यावर त्याने तीच हत्यारं प्लॅस्टिकच्या रणगाड्यांवर चालवायला घेतली. जुन्या युद्धात चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून खऱ्या रणगाड्यांच्या चिलखतावर खडबडीत लेप देत. मामा तळहाताएवढ्या रणगाड्याला पुट्टीचा पातळ थर द्यायचा आणि ती ओली असतानाच बोथट पात्याने रेघा दाबत जायचा. एक रेघ वाकडी गेली की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. एवढा जीव माणसांना लावला असता तर चार मित्र तरी जोडले असते!

त्याला होती ती फक्त मामी. रणगाडा वाळला की दुपारी जाड काळे पडदे ओढून फोटो काढायचे. समोरून उजेड टाकला तर रेघा दिसतच नाहीत. दिवा एका बाजूने, अगदी खाली धरावा लागतो, तेव्हा कुठे एकेका रेघेची सावली पडते. मामी डावखुरी. ती डावीकडे खुर्ची टाकून दिवा धरायची. मामाने "ठेव" म्हटल्याशिवाय दिवा खाली ठेवायचा नाही, हा त्या घरचा कायदा होता. मला त्या कायद्याचा भारी राग यायचा. मामीला कधी आला नाही.

ती गेली तीही त्याच खुर्चीत. फोटो चालू असताना दाराची बेल वाजली. "हलू नकोस," म्हणून मामा उठला. परत येऊन बघतो तर मामीची मान कललेली, आणि दिवा हातात तसाच.

पुढे वर्षभराने मामा जिन्यात पडला, तेव्हा मी त्याला माझ्याकडे न्यायचं ठरवलं. खोकी भरली, टेम्पो बोलावला. ऐन वेळी मामा अडून बसला.

"मी येत नाही."

"मामा, आता नाटकं पुरे."

त्याने पडदे ओढले, टेबलावर रणगाडा ठेवला आणि स्टँडवरचा दिवा माझ्या हातात दिला. "उजवीकडून धर."

मी धरला. त्याने फोटो काढून कॅमेऱ्याचा पडदा माझ्यासमोर केला. चिलखत साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत! रेघ म्हणून नाही.

"दोन्हीकडून उजेड आला की सावल्या मरतात," मामा शांतपणे म्हणाला.

"दुसरा दिवा कुठाय?"

"तुझा विझव."

मी विझवला. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. कॅमेरा वाजला. या फोटोत एकेक रेघ लख्ख उठली होती. सावल्या सगळ्या उजवीकडे झुकलेल्या, म्हणजे उजेड डावीकडून. त्या बाजूला फक्त मामीची रिकामी खुर्ची होती.

"रोज असंच येतं," तो म्हणाला. "तिला टाकून कसा येऊ?"

मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण त्या भीतीतच मला तो कायदा आठवला आणि डोकं भडकलं.

"मामा, त्या दिवशी तू तिला 'ठेव' म्हणालास?"

त्याने कॅमेऱ्याचा उजळलेला पडदा विझवला.

"नंतर तरी?"

"म्हटलं तर ती ठेवेल ना, बाळा."

"अरे, वर्ष झालं! हात भरून आला असेल तिचा!"

तो खाकरला. मामीशी इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"ठेव गं आता. दमलीस."

टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर टक् असा आवाज झाला. मी चाचपडत तिथे हात फिरवला. काहीच नव्हतं, पण लाकूड कोमट लागलं.

मामाने पुन्हा बटण दाबलं. फोटो काळाकुट्ट आला. ती गेली तेव्हा ज्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, तो माझा मामा त्या काळ्या फोटोकडे बघून हमसाहमशी रडला. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.