रेशमावरची संन्यासिनी

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, तेही पोस्टाने पुस्तकं मागवून. उत्तरपत्रिकेपलीकडे मी काही लिहिलेलं नाही आणि चित्रांतलं मला कळतही नाही. तरी एका चित्राबद्दल लिहितोय, कारण त्याचं नुकसान माझ्या हातून झालं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी अबुधाबीत फ्रेमच्या दुकानात कामाला होतो. आम्ही दोघंच, मी आणि रत्नागिरीकडचे चाचा. सकाळी आठ ते एक, मग चार ते दहा. मधल्या वेळात चाचा मागच्या खोलीत झोपायचे आणि मी काउंटरवर बीएचं पुस्तक उघडायचो. बहुतेकदा त्याच्यावरच डोकं टेकायचं.

शेजारच्या गल्लीत कपडे अल्टर करणारी एक चिनी बाई होती. ती उशीच्या अभ्र्यात एक जुनं रेशमी कापड घेऊन आली. त्यावर एका स्त्रीचं चित्र होतं. राखाडी झगा, डोक्यावर बुचडा, उजव्या हातात पांढऱ्या केसांची चवरी. मी नकळत हात जोडले.

"देवी नाही," ती मोडक्या इंग्रजीत हसून म्हणाली. "आमच्या घरची आहे."

तिच्या आईच्या माहेरची ही बाई, कित्येक पिढ्यांपूर्वीची. घर सोडून डोंगरावरच्या मठात ताओ पंथाची संन्यासिनी झाली. तिचं एवढंच चित्र उरलं होतं. आता आई ऐंशीच्या पुढे, नजर जात चाललेली. डोळे पुरते जायच्या आत ती एकदा दाखव, असं आईने कळवलं होतं. मागचा कागद गळून पडल्यामुळे रेशीम लोंबत होतं. सुट्टीवर जाताना बॅगेत चुरगळेल, म्हणून फ्रेम हवी होती.

"तू शिकतोस ना? मग तूच कर," ती मला म्हणाली.

चाचांनी कापडाची कड बोटांत धरून पाहिली. ते मला कॉलेजच म्हणायचे. "कॉलेज, गोंदाला हात लावू नकोस हां. कडेने टाके घालून ताणायचं असतं. उद्या दाखवतो."

तो उद्या आला नाही. एका हॉटेलला प्रत्येक खोलीत वाळवंटाचा तोच फोटो हवा होता. आठवडाभर आम्ही लाकूड कापत होतो. संध्याकाळी पाय सुजायचे. पाचव्या दुपारी ती दारात उभी. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं.

चाचा पाठ धरून नुकतेच आडवे झाले होते. त्यांना उठवणं जिवावर आलं. आमच्याकडे आजोबांचा फोटो असो की गणपतीचा, हार्डबोर्डवर घट्ट चिकटवतात. एक सुरकुती राहिली तरी काम कच्चं म्हणतात. मी पांढरा गोंद घेतला. रेशीम इतकं छान सपाट बसलं की पंधरा मिनिटं मी खूश होतो. मग गोंद वर आला. चवरी धरलेल्या हातावर डाग उमटला.

चार वाजता चाचा उठले. "खलास," ते म्हणाले. "आता सोडवू नकोस, फाटेल. एवढं शिकतोस आणि मला हाक मारता आली नाही?"

संध्याकाळी ती न्यायला आली तेव्हा मी तिला खरं ते सांगितलं. तिने फ्रेम उजेडात धरून काचेतून पाहिलं. "चेहरा ठीक आहे," म्हणाली आणि घेऊन गेली. ती परत आमच्या दुकानात आली नाही. तिच्या दुकानासमोरून जाताना मी रस्ता ओलांडायचो.

दीड वर्षाने तिच्या दुकानातली दुसरी बाई तिचा निरोप घेऊन आली. चित्र पोचलं तेव्हा आईला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. तिने काच काढायला लावली, बोटांनी चेहरा चाचपला आणि म्हणाली, ही लाकडाची आहे, ही ती नव्हे. मग गावातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने कित्येक महिने मागून बोर्ड ओला करत, एकेक थर सोलत रेशीम सोडवलं. चेहरा सगळा निघाला. उजवा हात बोर्डावरच राहिला.

"आणि आई?" मी विचारलं.

"आहे. दुपारी ते मांडीवर घेऊन बसते. हाताचं तिला कुणी सांगितलेलं नाही."