पोरींची रहदारी

सांगलीत आमच्या कॉलेजजवळ मुलींचं वसतिगृह बांधायचं ठरलं, तेव्हा शेजारचे एक हळदीचे व्यापारी अडून बसले. "एवढ्या पोरी रस्त्यावर आल्या तर आमच्या गाड्या तुंबतील!" खरंखोटं बघायला नगरपालिकेने ओव्हरसियरांना पाठवलं. मी तेव्हा तासगावहून एस.टी.ने यायची. वसतिगृह झालं नाही तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलं होतं.

ओव्हरसियर भर उन्हातही टोपी गुडघ्यावर ठेवून रस्त्याकडेला बसायचे. गाडीवानाआधी बैलांची विचारपूस करायचे. एके दिवशी म्हणाले, "नुसतं बसून काय कळंना. पोरींनो, चालून दावा." ऐन बाजाराच्या वेळी त्यांनी आम्हा कॉलेजच्या मुलींना वसतिगृहासाठी ठरलेल्या मोकळ्या जागेतून रस्त्यावर सोडलं. मी शहाणी, तोंडाला पावडर थापून सगळ्यांत पुढे!

बैलगाड्या मुकाट वळसा घालून गेल्या. पण दोन सायकलवाले आमच्याकडे बघता बघता एकमेकांवर आदळले आणि रस्ता तुंबला. हे माझ्याच रूपामुळे झालं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" व्यापारी ओरडले.

"आवं शेठ, पोरींनी कुठं अडवलं? बघनाऱ्यांनी अडवलं. त्यास्नी सवय न्हाई," ओव्हरसियर म्हणाले. "चला गं, पुन्यांदा."

आम्ही पुन्हा चाललो, मग पुन्हा चाललो. शेवटी एक सायकलवाला माझ्या तोंडाकडे ढुंकूनही न बघता खेकसला, "ए बाई, सरक की बाजूला!"

मी अगदी रडवेली झाले. ओव्हरसियर मात्र खुशीत उठले आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "झाली बघा सवय. आता बांधू द्या."